पुढच्या सालची टीम

मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होते, असं सांगितलं की माझी नातवंडं आधी माझ्या उंचीकडे पाहतात आणि मग एकमेकांकडे. उंची माझ्याजवळ तेव्हाही नव्हती. आवाज मात्र होता. आमच्या संत्र्याच्या बागेत एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारून मारून तो तयार झाला होता, आणि सरांनी मला टीममध्ये घेतलं ते बहुतेक त्या आवाजासाठीच.

कॉलेजच्या मागे मुरमाचं मैदान होतं. दोन लाकडी खांब, त्यांवर गावातल्या सुतारानं ठोकलेल्या फळ्या आणि लोहारानं वाकवलेल्या रिंगा. जाळी कधीच नव्हती. त्यामुळे बॉल रिंगमधून गेला की रिंगच्या बाजूनं गेला यावर रोज भांडण व्हायचं, आणि भांडणात आम्ही खेळापेक्षा बऱ्या होतो. सलवार-कुर्ता घालायचा, ओढणी छातीवरून आडवी घेऊन कमरेशी गाठ मारायची आणि पळायचं. कापसाच्या दिवसांत जिनिंग कारखान्याकडून रुईचे पुंजके उडत यायचे आणि घामेजलेल्या तोंडाला चिकटायचे.

आमचे क्रीडाशिक्षक जबलपूरकडचे. तरुण, सडसडीत, बिनलग्नाचे. मराठी त्यांना समजायची, बोलताना मात्र ते तिच्यात हिंदी कालवायचे. बास्केटबॉल सोडून जगात दुसरं काही चालतं यावर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. छिंदवाड्याच्या जिल्हा स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरून आम्ही परत आलो होतो. सर मैदानाच्या कडेला, पाण्याच्या टाकीपाशी बसले आणि म्हणाले, "कोई बात नाही. पुढच्या सालची टीम देखना. हीच पाच लडकी, एक साल जास्त खेळलेली. जिल्हा आपला."

मी म्हटलं, "सर, हीच पाच कशा राहतील?"

"का नाही? कोणी फेल होणार आहे काय?"

"फेल नाही. लग्न."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी खेळाचा एखादा नवीन नियमच सांगितला होता. मग मी त्यांना टीम समजावून दिली. आपली डाव्या बाजूची जी आहे तिला वरुडकडचे लोक पाहून गेले, पसंती आली, ती गेली असं धरा. मागं खेळणारीचे वडील मास्तर आहेत, ते पोरीला बी.ए. केल्याशिवाय उजवत नाहीत, ती राहील. आणि जी सगळ्यात चपळ आहे ती तर एकदम पक्की, कारण तिची मोठी बहीण अजून घरात आहे. मोठीचं होईस्तोवर धाकटीकडे कोणी बघणार नाही, आणि मोठीचं काही लवकर जमत नव्हतं.

"हे सगळं तुला कसं माहीत?"

"सर, हे साऱ्या गावाले माहीत आहे."

त्या दिवसापासून सर माझा सल्ला घेऊ लागले. सरावात कोणी चांगला बॉल टाकला की ते आधी शाबासकी द्यायचे आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारायचे, "हिची मोठी बहन आहे?"

तेवढ्यानं भागणार नव्हतं, नवी मुलगी हवी होती. ती सरांना सापडली सौंसरच्या बाजारात.

सर काही कामानं सौंसरला गेले होते. तिथं एका दुकानाच्या छपराला बांबूच्या टोपल्या टांगलेल्या होत्या. दुकानदार टोपली उतरवायला काठी शोधत होता, तेवढ्यात गिऱ्हाईक मुलीनं हात वर केला आणि टोपली काढून घेतली. टाच सुद्धा उचलली नाही. सर बसस्टँड विसरले आणि तिच्या मागे चालू लागले. ती घरात शिरली, सर दारासमोर उभे राहून मान वर-खाली करत अंदाज घेऊ लागले. गल्लीतल्या चार पोरांनी त्यांना घेरलं. "काय पाहून राहिला बे?"

"लडकीची लंबाई," सरांनी खरं ते सांगितलं.

कसे सुटले ते त्यांनी नीट सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी शर्टाची एक बाही उसवलेली होती आणि ते मला म्हणत होते, "सौंसरला तू चल माझ्यासोबत. लेडीज पाहिजे."

माझ्या आईची परवानगी काढायला मास्तरांची मुलगी कामी आली. ती पण येते म्हटल्यावर आई तयार झाली. आम्ही तिघं सकाळच्या बसनं निघालो. मोहगावला बस थांबली तेव्हा मी सरांना शेवटचं बजावलं, "तिथं तुम्ही जास्त बोलू नका."

घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. मुलीचे वडील टपाल खात्यात होते, सुट्टीचा दिवस म्हणून घरीच होते. आई सुद्धा उंच होती, पण तिनं ती उंची कुठंतरी पाठीत जिरवून टाकली होती. मुलगी आतल्या दाराशी उभी राहिली, तीही आईसारखीच वाकून. अकरावीत होती. तेव्हा आमच्याकडे अकरावी झाली की कॉलेज.

मी कॉलेजचं, खेळाचं सांगायला सुरुवात केली. छान चाललं होतं. तेवढ्यात सरांना राहवलं नाही.

"माँजी, ऐसी लंबाई नसीबानं मिळते! पूर्ण जिल्ह्यात अशी लडकी नाही! आणि अजून वाढेल!"

आईच्या डोळ्याला पदर गेला. "अजून वाढन म्हनता, गुरुजी? तिच्याच मापाचा पोरगा पाहून पाहून हे थकले. मागच्या खेपेस पाहुने आले तर तिले बसवूनच ठेवलं होतं. पाहुन्यांनी उभं राहाले सांगितलं, अन् चहा तसाच ठेवून गेले."

सर घाबरले. त्यांना वाटलं आपण काहीतरी भयंकर बोललो, आणि ते खरंच होतं. मी सारवासारव करत होते तेवढ्यात दारातून आवाज आला, "अवो ताई, आहे का घरी?" आणि आत आल्या सौंसरच्या कॉलेजच्या बाई.

या बाई इतिहास शिकवायच्या, पण त्यांच्या कॉलेजात क्रीडाशिक्षक नसल्यानं मुलींची टीम त्यांच्याच गळ्यात होती. स्पर्धेत आम्ही त्यांना पाहिलं होतं. पदर खोचून, शिट्टी तोंडात धरून त्या मुलींवर अशा ओरडायच्या की आमचे सर दबकून राहायचे. त्यांचं घर याच गल्लीत. पांढुर्ण्याचे लोक आल्याची बातमी त्यांना आमचा चहा उकळायच्या आत पोचली होती.

"हे काहून आले मला माहीत आहे," बाई बसत म्हणाल्या. "बाप्पा, आमच्या गल्लीतली पोरगी पांढुर्ण्याले न्यायची म्हनता? रोज बसनं जाईन-येईन? घरापासून आमचं कॉलेज हाकेवर आहे."

"हमारे पास कोच आहे," सर म्हणाले.

"आमच्यापाशी काय बैल आहे?"

वडील हसले. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "खेळगिळ ठीक आहे, साहेब. हे सांगा, पोरगी बी.ए. होईन ना? का नुसतंच बॉल फेकून पाठवान घरी?"

सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. बाईंनीही दिला. बाईंचा शब्द जास्त पक्का वाटत होता, कारण त्या रोज समोर दिसणार होत्या. मला आमचा डाव संपलेला दिसू लागला.

मग वडील म्हणाले, "तिलेच विचारा. जायचं तिले आहे."

मुलगी दाराच्या चौकटीत आली. खाली पाहत तिनं एकच विचारलं. "तिथं मले कोनी 'खाली बस' म्हनन का?"

तिला काय म्हणायचं आहे ते आईला कळलं, वडिलांना कळलं, मला कळलं. सरांना कळलं नाही. ते बास्केटबॉलचंच ऐकत होते.

"कभी नाही!" ते जोरात म्हणाले. "तुला मी एक मिनट पण बसवणार नाही. बेंचवर या दोघी बसतील. तू पूर्ण टाइम खडी राहशील!"

मुलीनं मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा ती पूर्ण उभी राहिली, आणि तिचं डोकं चौकटीला लागलं. "मंग मी पांढुर्ण्याले जातो," ती म्हणाली.

बाईंनी चहा पूर्ण प्यायला, मग आम्हाला बसपर्यंत सोडायलाही आल्या. वाटेत सरांना म्हणाल्या, "पोरीले नीट शिकवजा. मैदानात भेटूच."

उन्हाळा आला, आणि माझे अंदाज तपासायची वेळ आली. वरुडची सोयरीक ठरल्याप्रमाणे झाली. मास्तरांची मुलगी राहिली. सर खूश. मग एका दुपारी एकदम पक्की असलेली, मोठी बहीण घरात असलेली आमची चपळ मुलगी पेढे घेऊन आली. मोठीचं जमलं होतं. आणि ज्या घरात जमलं, त्याच घरातल्या धाकट्या भावासोबत हिचंही. एकाच मांडवात दोघींना उरकायचं ठरलं होतं. सर माझ्याकडे पाहत राहिले.

"एकच मांडव," मी म्हटलं. "हे माझ्या लक्षात नाही आलं, सर."

जुलैत उंच मुलगी आली. पांढुर्ण्यात तिची मावशी होती, तिच्याकडे राहू लागली. पहिल्या आठवड्यात सरांचा चेहरा उतरत गेला. तिला खेळ येत नव्हता हे तर आम्ही धरलंच होतं, पण ती भलतीच सभ्य निघाली. कोणाच्या हातातून बॉल घेतला की ती म्हणायची, "माफ कर बरं का, ताई," आणि परत द्यायची. रिंगखाली गर्दी झाली की बाजूला सरकून दुसरीला जागा करून द्यायची. वाकून चालायची, वाकूनच पळायची.

कॅप्टन म्हणून तिला उद्धट करायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला आमच्या बागेत नेलं. संत्र्याच्या झाडाच्या वरच्या फांदीवरच्या हिरव्या फळाकडे बोट दाखवलं. "ते तोड."

"मागू का कोनाले?"

"आमचंच झाड आहे. मागायचं नाही, घ्यायचं."

पुढचे तीन महिने आम्ही हेच केलं. मी बॉल डोक्यावर धरून उभी राहायची आणि तिनं तो हिसकायचा. माफी मागितली तर मैदानाला एक फेरी. सुरुवातीला ती इतक्या फेऱ्या मारायची की तिचा दमच वाढला, आणि सर म्हणाले चला, हा पण फायदाच. दिवाळीच्या सुमारास एकदा तिनं माझ्या हातातून बॉल असा ओढला की मी मुरमावर बसले, कोपर सोलून निघालं. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. बॉल रिंगमध्ये टाकला. मी बसल्या जागेवरून टाळ्या वाजवल्या.

आणि इथं माझं स्वतःचं भाकीत चुकलं. साऱ्या टीमचा हिशोब मी लावला होता, स्वतःला मात्र कायमची धरून बसले होते. दिवाळीनंतर एक दिवस मी सरावाहून आले तर ओसरीत पाहुणे. सौंसरचे. आईनं मला मागच्या दारानं आत ओढलं, तोंड धुवायला लावलं, साडी गुंडाळली. कोपराला खपली धरली होती, ती पदराखाली लपवली.

मुलगा शाळेत गणिताचा मास्तर होता. चेहऱ्यानं गंभीर. मोठी माणसं पसंतीचं बोलू लागली आणि मार्गशीर्षातली तारीख काढू लागली, तशी मला धडकी भरली. सामने त्याच महिन्यात होते. जुन्या चालीचे असले तरी माझे वडील मोकळ्या मनाचे होते. त्यांनी म्हटलं, पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या. आम्हाला अंगणात विहिरीजवळ उभं केलं, सगळ्यांना दिसेल असं.

मी म्हटलं, "माझे सामने आहेत."

"कशाचे?"

"बास्केटबॉलचे. मी कॅप्टन आहे. लग्न पुढे ढकला."

तो विहिरीत डोकावला. "कोणाविरुद्ध आहे पहिला?"

"सौंसर."

"अरे बापरे," तो म्हणाला. मग तो आत गेला आणि मोठ्यांना सांगितलं की या वर्षी त्याला विभागाची परीक्षा द्यायची आहे, लग्न उन्हाळ्यातच बरं पडेल. परीक्षा कोणती, कोणी विचारलं नाही. मास्तर माणूस, परीक्षा असणारच. सरांना मी दुसऱ्या दिवशी बातमी दिली, तेव्हा त्यांनी आधी तारीख विचारली आणि मग अभिनंदन केलं.

त्या साली जिल्हा स्पर्धेचा पहिला सामना आमच्याच मैदानावर होता, आणि सौंसरची टीम आली त्या दिवशी अर्धा पांढुर्णा लोटला होता. कापसाच्या गाड्या घेऊन आलेले गाडीवान सुद्धा बैल सोडून बघायला उभे. सौंसरहून पोरांची एक बसभर फौज आली होती, आणि त्यांच्यात माझा होणारा नवरा. त्यानं मला पाहून मान किंचित हलवली आणि लगेच दुसरीकडे पाहू लागला.

सामना सुरू झाला तशी ती पोरं ओरडू लागली, "सिडी! ए सिडी!" सौंसरच्या बाजारात तिला याच नावानं, शिडी म्हणून, हाका मारायचे. पहिल्यांदा ऐकलं तशी तिची पाठ वाकली. दुसऱ्यांदा ऐकलं तसा तिच्या हातातला बॉल सुटला. मध्यांतरापर्यंत ती पुन्हा जुलैतली झाली होती. आम्ही मागे पडलो होतो. आमच्या बागेतली संत्री सोलून सगळ्या खात होत्या, ती फाक हातात धरून नुसती बसली होती.

"ताई, हे इथंही आले," ती म्हणाली.

मला काय झालं कोण जाणे. मी उठले आणि सरळ मैदान ओलांडून सौंसरच्या पोरांसमोर जाऊन उभी राहिले. धुऱ्यावरचा तो आवाज मी पूर्ण काढला. "काहून बोंबलून राहिले रे? तुमच्या घरी बहिणी नाहीत? खेळ पाहाचा तर पाहा, नाहीतर बस उभी आहे!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्या रांगेत, माझ्यापासून दोन हातांवर, माझा होणारा नवरा बसला आहे. तो उठला. मला वाटलं, संपलं. तो पोरांकडे वळला, आणि वर्गात बोलावं तसं म्हणाला, "चूप बसा बे. सगळे माझे विद्यार्थी राहिलेले आहात, एकेकाची बेरीज मला माहीत आहे." पोरं हसली आणि गप्प झाली. तो तिथून निघून आमच्या बाजूला, सरांशेजारी येऊन बसला.

मी परत आले तेव्हा उंच मुलगी उभी होती. फाक तोंडात टाकून ती म्हणाली, "चल ताई." दुसऱ्या अर्ध्यात तिनं जे केलं ते खेळ म्हणून फार सुंदर नव्हतं, पण फार उंच होतं. आम्ही बॉल वर टाकायचो आणि वर फक्त तिचेच हात असायचे. सौंसरची एक मुलगी तिच्या कमरेला लटकली तरी ती रिंगकडे चालतच राहिली. शेवटची शिट्टी झाली तेव्हा आम्ही थोड्याशा फरकानं जिंकलो होतो. सौंसरच्या बाई मैदानात आल्या, तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तो कमरेच्या जरा वरपर्यंतच पोचला. "माह्या गल्लीची आहे," त्या आमच्या सरांना म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

माझ्या आरडाओरड्याची बातमी नवरदेवाच्या बसच्या आधी सौंसरला पोचली. आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. मग होणाऱ्या सासूबाईंचा निरोप आला. पोरीचा आवाज मोठा आहे असं ऐकलं, आमचं वावर पण मोठं आहे, कामी येईन.

छिंदवाड्याला आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि तिथं सपाटून हरलो. पण उंच मुलीला विद्यापीठाच्या संघात घेतलं. ती बी.ए. झाली, पुढे खेळाचं शिक्षण घेतलं आणि एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. लग्न तिनं स्वतःच्या मनानं, स्वतःपेक्षा बोटभर बुटक्या माणसाशी केलं.

माझं लग्न माझी बी.ए.ची परीक्षा झाल्यावर, उन्हाळ्यात झालं. सगळी टीम आली होती. सर नवीन शर्ट घालून आले होते. वरात, पंगत, सगळं त्यांनी नीट केलं. फक्त निघताना ते माझ्या धाकट्या नणंदेसमोर थबकले, तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बेटी, कौनसी क्लास?"

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं. "तो जबलपूरचा मानूस कोन होता वं? पोरीची उंची पाहून राहिला होता. कोनाचं स्थळ घेऊन आला होता का?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पोळी उलटली आणि म्हणाल्या, "पांढुर्ण्याले काहून पाठवाची? आपल्या गावात काय टीम नाही?" त्याच वर्षी माझी नणंद सौंसरच्या बाईंकडे खेळू लागली. पांढुर्ण्याशी पहिला सामना झाला, तेव्हा मी सासरच्या बाजूला बसले होते आणि सर पलीकडून माझ्याकडे पाहायलाच तयार नव्हते.